६० ला लॉक केलेला गेम १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर अडखळतो: फ्रेम रेट, रिफ्रेश रेट आणि व्हीआरआर

अवकाळी (धागाकर्ता)

यंत्र: रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०६०, विंडोज ११. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, आयपीएस, १४४ हर्ट्झ, खोक्यावर फ्रीसिंकचा शिक्का आहे. खोक्यातल्याच एचडीएमआय वायरने जोडलाय. विंडोजमध्ये १४४ हर्ट्झ निवडलेलं आहे, ते तपासलं.

अडचण अशी. जे गेम ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) लॉक आहेत त्यांत काउंटर ठाम ६० दाखवतो, पण कॅमेरा हळू फिरवला की बारीक बारीक गचके जाणवतात. तोच गेम जुन्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर मख्खन चालतो. दुसऱ्या काही गेममध्ये ९० ते ११० एफपीएस मिळतात. तिथे व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या रिफ्रेशशी जुळवणारी सेटिंग) बंद ठेवला तर चित्र आडवं फाटतं, चालू केला तर गचके.

प्रश्न तीन:
१. एफपीएस हर्ट्झपेक्षा कमी असतील तर जास्त हर्ट्झ फुकट जातात का?
२. व्ही-सिंक कायम बंद ठेवा असं सगळे सांगतात, ते बरोबर का?
३. कॅप, म्हणजे एफपीएसवरची मर्यादा, लावायची तर किती?

---

वायरमन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही", पण तुमचे गचके का येतात ते आधी बघू.

मॉनिटर १४४ हर्ट्झवर दर ६.९४ मिलिसेकंदांनी चित्र नव्याने काढतो. ग्राफिक्स कार्डाकडे नवी फ्रेम तयार असो वा नसो, तो थांबत नाही. नसेल तर जुनीच पुन्हा काढतो. आता ६० एफपीएसचा गेम घ्या: १४४ ला ६० ने भागलं की २.४ येतात. एक फ्रेम २.४ वेळा दाखवता येत नाही. मग काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. क्रम साधारण २, ३, २, ३, २ असा, म्हणजे ५ फ्रेममध्ये १२ रिफ्रेश. वेळेत मांडलं तर एखादी फ्रेम १३.९ मिलिसेकंद टिकते, तर पुढची २०.८. गेमने मात्र हालचालीचा हिशोब प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद धरून केलेला असतो. चित्रातली वस्तू आणि पडद्यावरची वेळ यांचा मेळ बसत नाही, तोच गचका. काउंटर ६० दाखवतो कारण सेकंदात खरंच ६० फ्रेम निघतात. त्या पडद्यावर किती किती वेळ राहिल्या, हे काउंटरला माहीतच नसतं.

६० हर्ट्झवर हाच भागाकार १ येतो. प्रत्येक फ्रेम नेमकी एकदा, म्हणून तिथे मख्खन.

तातडीचा उपाय: ६० ला लॉक असलेला गेम खेळताना मॉनिटर १२० हर्ट्झवर टाका. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट. १२० भागिले ६० म्हणजे २, प्रत्येक फ्रेम दोनदा, १६.७ मिलिसेकंद. १४४ चे बहुतेक मॉनिटर १२० ची सोय देतात. यादीत दिसत नसेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या चेंज रिझोल्यूशनमध्ये बघा. तिथे टीव्हीवाली यादी वर असते आणि 'पीसी' नावाची यादी खाली, १२० कधीकधी दोघांपैकी एकीतच असतो.

असे गेम कमी नाहीत. एल्डन रिंग पीसीवर ६० लाच थांबतो. टेकन ८ आणि स्ट्रीट फायटर ६ च्या लढती ६० वरच चालतात, कारण प्रत्येक चाल किती फ्रेमची यावर पूर्ण खेळ बेतलेला आहे. स्कायरिममध्ये तर भौतिकशास्त्रच फ्रेमला बांधलेलं. १४४ वर मोकळा सोडला की टेबलावरची भांडी आपोआप उडतात.

---

निवांत

एवढं गणित कशाला? व्ही-सिंक बंद, कॅप बंद, एफपीएस जितके निघतील तितके. जास्त एफपीएस म्हणजे कमी लॅग. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळणारे हेच करतात.

---

वायरमन

त्या दोन गेमपुरतं बरोबर आहे, आणि का बरोबर आहे ते सांगतो म्हणजे कुठे चुकतं तेही कळेल.

मॉनिटर चित्र वरून खाली ओळीओळीने काढतो. व्ही-सिंक बंद असला की कार्ड मध्येच नवी फ्रेम सरकवतं: वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या. हेच फाटणं. ३०० एफपीएस असतील तर १४४ हर्ट्झच्या एका रिफ्रेशमध्ये दोन-तीन ठिकाणी फाटतं, पण लागोपाठच्या फ्रेममध्ये फक्त ३.३ मिलिसेकंदांचं अंतर असल्याने तुकडे फारसे सरकलेले दिसत नाहीत. आणि प्रत्येक तुकडा ताजा असतो, म्हणून माउसचा प्रतिसाद लवकर. स्पर्धात्मक शूटरमध्ये हा सौदा फायद्याचा.

९० एफपीएसला तोच सौदा तोट्याचा. दोन फ्रेममध्ये ११ मिलिसेकंदांचं अंतर, कॅमेरा फिरवला की खांब, दाराच्या चौकटी, झाडाचे बुंधे सरळ दोन तुकड्यांत दिसतात.

व्ही-सिंक चालू केला तर फाटणं थांबतं, पण ९० किंवा १०० एफपीएस १४४ मध्ये बसत नाहीत. १०० धरा: सेकंदाला १४४ रिफ्रेश, १०० फ्रेम. म्हणजे ४४ फ्रेम दोनदा दिसणार आणि ५६ एकदा. पुन्हा तेच गचके. जुन्या, दोनच बफर (तयार फ्रेम ठेवायच्या जागा) ठेवणाऱ्या गेममध्ये आणखी वाईट. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंदांत तयार झाली की ती पुढच्या रिफ्रेशची वाट बघते आणि एफपीएस थेट ३० वर येतात. व्ही-सिंक चालू केला की अर्धे एफपीएस गेले, अशी जी तक्रार असते ती याचीच. ट्रिपल बफरिंगमध्ये अर्ध्यावर पडत नाही, गचके मात्र राहतात.

लॅगचं कारणही व्ही-सिंक एकटा नाही. कार्ड मॉनिटरपेक्षा वेगवान असेल तर तयार फ्रेमची रांग साचते. ६० हर्ट्झवर दोन-तीन फ्रेम रांगेत उभ्या म्हणजे ३३ ते ५० मिलिसेकंद उशीर. रांगच लागू दिली नाही तर व्ही-सिंक इतका वाईट नाही. त्यासाठीच कॅप.

---

टाचणी

वायरमनदादा, सगळं बरोबर, पण मूळ पोस्टमधली एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. कार्ड एनव्हिडियाचं, मॉनिटर फ्रीसिंकचा आणि वायर एचडीएमआय.

या जोडणीत व्हीआरआर, म्हणजे एफपीएसप्रमाणे हर्ट्झ बदलणं, बहुधा चालतच नाहीये. एचडीएमआयवरचा फ्रीसिंक हा व्हीआरआरचा एएमडीचा स्वतःचा मार्ग. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ मध्ये जी-सिंक कम्पॅटिबल (व्हीआरआरची त्यांची सोय) आणलं ते डिस्प्लेपोर्टवरच्या अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकसाठी, जीटीएक्स १० मालिका आणि पुढच्या कार्डांना. एचडीएमआयवर एनव्हिडियाकडून व्हीआरआर हवा तर समोर एचडीएमआय २.१ चा व्हीआरआर असलेला टीव्ही किंवा मॉनिटर लागतो. साध्या १०८०पी १४४ मॉनिटरवर बहुधा एचडीएमआय २.० असतो. त्यातून १४४ हर्ट्झ आरामात जातात, म्हणून वायर ठीक आहे असं वाटतं. फक्त व्हीआरआर जात नाही.

करायचं काय:

डिस्प्लेपोर्टची वायर आणा. दीड-दोन मीटरची, १.४ लिहिलेली पुरे, १०८०पी १४४ साठी १.२ सुद्धा चालते. एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट कन्व्हर्टर घेऊ नका, त्यात व्हीआरआर बहुतेक वेळा गळतो. वायर ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डमागच्या पोर्टमध्ये नाही (हसू नका, दर महिन्याला एक धागा यावर निघतो).

मग मॉनिटरच्या बटणांनी त्याच्या मेनूत जाऊन फ्रीसिंक किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक चालू करा. बऱ्याच मॉनिटरमध्ये कारखान्यातून तो बंदच येतो. त्याच मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.१ वर असेल तर १.२ किंवा वरची निवडा.

नंतर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सेट अप जी-सिंक', फुल स्क्रीन आणि विंडो दोन्हींसाठी चालू. 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये व्हर्टिकल सिंक चालू. गेमच्या आतला व्ही-सिंक बंद. आणि कॅप १३८.

खात्री करण्यासाठी मॉनिटरच्या मेनूत चालू हर्ट्झ दाखवणारा आकडा असेल तर तो उघडा. गेम चालू असताना तो एफपीएसबरोबर नाचला तर व्हीआरआर चालू आहे. १४४ वर ठाण मांडून बसला तर नाही.

---

अवकाळी (धागाकर्ता)

मेनूत आकडा आहे, आणि तो १४४ वर ठाण मांडून बसलाय. वायर मागवतो. तोवर ६० चे गेम १२० हर्ट्झवर टाकले, गचके गेले.

दोन शंका. व्हीआरआर असताना व्ही-सिंक चालू का? आणि १३८ हा आकडा आला कुठून?

---

टाचणी

व्हीआरआर चालू असताना व्ही-सिंकचं काम बदलतं. मॉनिटर फ्रेमची वाट बघत असतो, त्यामुळे एरवीसारखी रांग लागत नाही. पण कॅप सरासरीवर चालते. १३८ ची कॅप लावली तरी एखादी फ्रेम ५ मिलिसेकंदांत येते, म्हणजे मॉनिटरच्या ६.९४ च्या आधी. त्या एका फ्रेमला व्ही-सिंक नसेल तर स्क्रीनच्या खालच्या भागात फाटतं. ड्रायव्हरमधला व्ही-सिंक तेवढ्या फ्रेमला क्षणभर थांबवतो, बाकीच्यांना हातही लावत नाही.

१४४ ची मर्यादा गाठली की व्हीआरआर संपतो आणि जुना व्ही-सिंक, त्याच्या रांगेसकट, सुरू होतो. म्हणून मर्यादेच्या थोडं खाली राहायचं. सर्रास वापरला जाणारा हिशोब असा: हर्ट्झचा वर्ग भागिले ३६००, आणि जे येईल ते हर्ट्झमधून वजा. १४४ चा वर्ग २०७३६, भागिले ३६०० म्हणजे ५.७६, उरले १३८. तसंच १०० ला ९७, १२० ला ११६, १६५ ला १५७, १८० ला १७१, २४० ला २२४. रिफ्लेक्स (एनव्हिडियाची लॅग कमी करणारी सोय) असलेल्या गेममध्ये जी-सिंक, ड्रायव्हरचा व्ही-सिंक आणि रिफ्लेक्स तिन्ही चालू असतील तर साधारण एवढीच कॅप आपोआप लागते, वेगळी लावायची गरज नाही.

कॅप कुठे लावायची यावर लोक भांडतात. गेमच्या आत कॅप असेल तर लॅग सगळ्यांत कमी, कारण इंजिन फ्रेमचं काम हाती घेण्याआधीच थांबतं. रिव्हाट्यूनर या वेगळ्या प्रोग्रॅमची कॅप फ्रेमटाइम (प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ) जास्त सरळ ठेवते पण किंचित लॅग वाढवते. माझं मत: गेममधली आधी लावून बघा. फ्रेमटाइमचा आलेख दातेरी दिसला तरच रिव्हाट्यूनर. दोन्हीकडे एकच आकडा लावू नका, दोन कॅप एकमेकींशी झगडतात.

---

सोलापुरी_चादर

मस्त चाललाय धागा. माझ्यासारख्या ७५ हर्ट्झवाल्यांनी काय करायचं? खोक्यावर फ्रीसिंक ४८-७५ लिहिलंय, कार्ड आरएक्स ६६००.

---

वायरमन

७५ हर्ट्झ ही सगळ्यांत अडचणीची जागा आहे. ६० चा गेम ७५ वर ठेवला की ४ फ्रेमना ५ रिफ्रेश: तीन फ्रेम १३.३ मिलिसेकंद आणि चौथी एकदम २६.७. म्हणजे सेकंदाला १५ गचके. १४४ वर निदान फरक १३.९ आणि २०.८ चा असतो, इथे थेट दुप्पट. ७५ च्या मॉनिटरवर ६० चा गेम व्हीआरआरशिवाय खेळायचाच असेल तर मॉनिटर ६० वर आणा, दुसरा इलाज नाही.

तुमचं कार्ड एएमडीचं आहे, त्यामुळे एचडीएमआयवरही फ्रीसिंक चालेल. अड्रेनलिनमध्ये (एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये) आणि मॉनिटरच्या मेनूत, दोन्हीकडे चालू करा. कॅप ७३ किंवा ७२.

पण खालची मर्यादा बघा, ४८. एफपीएस ४८ च्या खाली गेले की ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून हर्ट्झ वर उचलतो, याला एलएफसी म्हणतात. ४८ ते १४४ वाल्या मॉनिटरवर ४० एफपीएस आले तर मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो, काही कळत नाही. तुमच्याकडे ४० ची दुप्पट ८०, आणि कमाल ७५. बसतच नाही. एलएफसीला वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट लागतो. म्हणून ४८-७५ च्या मॉनिटरवर सेटिंग्ज अशी ठेवा की एफपीएस ५० च्या खाली जाणारच नाहीत. सावल्या आणि रे-ट्रेसिंग आधी कमी करा, टेक्स्चर शेवटी. व्हीरॅम (कार्डाची मेमरी) पुरत असेल तर टेक्स्चरने एफपीएस फारसे हलत नाहीत.

नवा मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर आकडा नुसता मोठा नको, भाग जाणारा बघा. १२०, १८० आणि २४० ला ६० ने पूर्ण भाग जातो. ७५, १००, १४४ आणि १६५ ला जात नाही. व्हीआरआर नीट असेल तर याने फरक पडत नाही, पण व्हीआरआर न चालणारे जुने गेम, एम्युलेटर आणि व्हिडिओ प्लेअर बरेच असतात.

---

गल्लीबोळ

व्हिडिओवरून आठवलं. क्रिकेट लॅपटॉपवर बघताना कॅमेरा चेंडूमागे सीमारेषेकडे वळला की मैदान थरथरतं. इंटरनेटचा दोष समजत होतो.

---

वायरमन

गणित तेच. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण पॅल या जुन्या पद्धतीच्या काळापासून ५० हर्ट्झच्या हिशोबाचं. सामना २५ किंवा ५० फ्रेमनी येतो आणि लॅपटॉपची स्क्रीन ६० वर चालते. ५० फ्रेमना ६० रिफ्रेश, म्हणजे प्रत्येक पाचवी फ्रेम दोनदा, सेकंदाला १० गचके. सरळ कडेने वळणाऱ्या कॅमेऱ्यात ते लगेच दिसतात, तोंडासमोर बोलणाऱ्या माणसात नाही. हल्ली स्वस्तात मिळणारे १०० हर्ट्झचे मॉनिटर इथे एकदम फिट: ५० दोनदा, २५ चारदा. गेमसाठी १०० अवघड, क्रिकेटसाठी सोनं. चित्रपट २४ फ्रेमचे, त्यांना १२० आणि १४४ दोन्ही चालतात (५ वेळा आणि ६ वेळा).

---

निवांत

मान्य, कॅप लावून बघितली. पण मग १४४ चा मॉनिटर ९० एफपीएसला घेण्यात अर्थ काय? ९० चाच मिळाला असता तर स्वस्त पडला असता.

---

टाचणी

अर्थ दोन. पहिला, व्हीआरआर असेल तर ९० एफपीएसला प्रत्येक फ्रेम ११.१ मिलिसेकंदच टिकते, गचके नाहीत. ६० च्या मॉनिटरवर त्याच ९० मधल्या ३० फ्रेम फेकून द्याव्या लागतात.

दुसरा कमी लोकांच्या लक्षात येतो: मॉनिटर एक फ्रेम वरून खाली काढायला किती वेळ घेतो, हे त्याच्या कमाल हर्ट्झवर ठरतं. १४४ चा व्हीआरआर मॉनिटर ९० किंवा ६० एफपीएसलाही फ्रेम ६.९ मिलिसेकंदांत काढून मोकळा होतो. ६० हर्ट्झचा १६.७ घेतो. स्क्रीनच्या तळाशी असलेला भाग १० मिलिसेकंद लवकर दिसतो. म्हणजे जास्त हर्ट्झ एफपीएस कमी असतानाही कामाला येतात.

धूसरपणाचं मात्र उलट आहे, तो एफपीएसवरच अवलंबून. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी वस्तू ६० एफपीएसला १६ पिक्सेल फासल्यासारखी दिसते, १२० ला ८, २४० ला ४. तिथे फ्रेम वाढल्याशिवाय सुटका नाही.

आणि वर वर जाल तसा फायदा घटतो. ६० वरून १४४ ला गेलं की प्रत्येक फ्रेममागे ९.७ मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० ला फक्त २.८. २४० वरून ३६० ला १.४. पैसे कुठे घालायचे ते यावरून ठरवा.

---

अवकाळी (धागाकर्ता)

वायर आली. डिस्प्लेपोर्ट लावला, मॉनिटरच्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक खरंच बंद होता. आता हर्ट्झचा आकडा एफपीएसबरोबर पळतो. ६० चे गेम १४४ वर ठेवूनही सरळ चालतात, ९०-११० वाले तर ओळखू येत नाहीत.

दोन नव्या गोष्टी दिसल्या. लोडिंग स्क्रीनवर उजेड किंचित लुकलुकतो. आणि ५०-६० एफपीएसच्या आसपास हलणाऱ्या वस्तूमागे फिकट पांढरी कड दिसते.

---

टाचणी

लुकलुकणं: लोडिंगमध्ये फ्रेमटाइम वेडेवाकडे होतात, मध्येच २०० एफपीएस, मध्येच अर्धा सेकंद काही नाही. हर्ट्झ इकडून तिकडे उड्या मारतात आणि पॅनेलचा उजेड रिफ्रेशनुसार थोडा बदलतो. व्हीए आणि ओलेडवर हे जास्त, आयपीएसवर कमी. फक्त लोडिंग आणि मेनूत असेल तर सोडून द्या. खेळतानाही येत असेल तर कॅप लावून एफपीएसचा पट्टा अरुंद करा, किंवा सीआरयू नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने व्हीआरआरची खालची मर्यादा थोडी वर उचला, म्हणजे एलएफसी लवकर सुरू होतो आणि मॉनिटर अगदी खालच्या हर्ट्झवर जातच नाही.

पांढरी कड: ओव्हरड्राइव्ह. पिक्सेलला रंग झटपट बदलायला लावण्यासाठी मॉनिटर गरजेपेक्षा जास्त धक्का देतो. तो धक्का १४४ साठी बेतलेला असतो, ५० वर तो जास्त होतो आणि रंग पलीकडे जाऊन परत येतो. मेनूत ओव्हरड्राइव्ह किंवा रिस्पॉन्स टाइम शोधा. कमाल पायरीवर असेल तर मधल्यावर आणा. खोक्यावरचा '१ मिलिसेकंद' बहुधा त्या कमाल पायरीचा असतो, तो कोणी वापरू नये.

जाता जाता: मेनूत एमबीआर किंवा मोशन ब्लर रिडक्शन असेल तर त्याचा मोह टाळा. तो बॅकलाइट प्रत्येक रिफ्रेशला चमकवतो. एफपीएस नेमके हर्ट्झइतके असतील तरच फायदा. १२० हर्ट्झवर ६० एफपीएस दिले की प्रत्येक कड दुहेरी दिसते. शिवाय तो लावला की बहुतेक मॉनिटरमध्ये व्हीआरआर बंद होतो.

---

भरदुपार

मोबाइलवाल्यांसाठी जोडतो. फोनच्या जाहिरातीत '२४० हर्ट्झ' लिहिलं असेल तर नीट वाचा, ते बहुधा टच सॅम्पलिंग असतं: बोट सेकंदाला किती वेळा वाचलं जातं. पडद्याचा रिफ्रेश वेगळा.

१२० हर्ट्झच्या फोनवर बीजीएमआय ६० ला चालत असेल तर प्रत्येक फ्रेम दोनदा, छान. ९० ला चालत असेल आणि पडदा १२० वरच राहिला तर ३ फ्रेमना ४ रिफ्रेश, दर तिसरी फ्रेम दुप्पट टिकते. फोनने स्वतः ९० हर्ट्झवर यायला हवं. आलाय का ते डेव्हलपर ऑप्शन्समधल्या 'शो रिफ्रेश रेट'ने कळतं. येत नसेल तर गेम ६० लाच ठेवा, खरंच जास्त सरळ वाटतो. आणि मे महिन्यात विदर्भात दुपारी खेळायचं असेल तर ६० शिवाय पर्याय नाही, फोन तापून दहा-पंधरा मिनिटांत स्वतःच एफपीएस पाडतो. चढ-उतारापेक्षा ठाम ६० बरे.

---

सोलापुरी_चादर

+१. कन्सोलवर ४० एफपीएसचा मोड असतो तोही याच हिशोबाचा का?

---

वायरमन

हो, आणि हुशारीचा. ६० हर्ट्झमध्ये ४० बसत नाहीत, १२० मध्ये बरोबर ३ रिफ्रेशला एक फ्रेम. ३० एफपीएसला फ्रेम ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७, आणि ४० ला २५. म्हणजे आकड्याने ४० हा ३० च्या जवळ वाटतो, वेळेत तो बरोबर मधोमध आहे. म्हणून या मोडला १२० हर्ट्झचा टीव्ही लागतो. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग यंत्राने तर पडदाच ४० हर्ट्झवर आणण्याची सोय दिली, बॅटरी वाचते आणि गचकेही नाहीत.

व्हीआरआर नसलेल्या पीसीवरही ही युक्ती वापरा. १४४ वर ७२ किंवा ४८ ची कॅप, १६५ वर ५५, १८० वर ९० किंवा ६०, १०० वर ५०, सोबत व्ही-सिंक चालू. अस्थिर १०० पेक्षा ठाम ७२ डोळ्याला जास्त सरळ दिसतात, काउंटर काहीही म्हणो.

---

निवांत

शेवटचा प्रश्न. माझ्याकडे सगळं चालू आहे, व्हीआरआर, कॅप, डिस्प्लेपोर्ट. सरासरी ११०. तरी अधूनमधून ठेच लागतेच.

---

टाचणी

मग दोष मॉनिटरच्या अलीकडे आहे. व्हीआरआर असमान फ्रेम फाटू न देता दाखवतो, त्यांना समान करत नाही. ९ मिलिसेकंदांच्या रांगेत एखादी ६० मिलिसेकंदांची आली तर ती ठेच दिसणारच.

रिव्हाट्यूनरमध्ये एफपीएसऐवजी फ्रेमटाइमचा आलेख लावा आणि कार्डाचा वापर बघा. ठेच लागताना कार्ड ९५ टक्क्यांच्या वर असेल तर सेटिंग्ज जड आहेत. ६०-७० टक्क्यांवर असेल तर प्रोसेसर, रॅम किंवा डिस्क. पक्कं करायला रिझोल्यूशन एकदम खाली आणा: एफपीएस वाढले नाहीत तर प्रोसेसरकडचा अडथळा. तयार पीसीत हमखास सापडणारं कारण म्हणजे रॅमची एकच कांडी. ८ च्या दोन कांड्या १६ च्या एकीपेक्षा बऱ्या, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जोडीच्या खाचांत (चार खाचा असतील तर बहुधा दुसरी आणि चौथी). बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का बघा, नसेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर पळत असते. नवीन भागात शिरतानाच ठेच लागून नंतर जात असेल तर शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याची वेळ आहे ती, दुसऱ्या फेरीत नाहीशी होते.

---

निवांत

रॅम एकच कांडी, १६ ची. बायोसमध्ये २६६६ दाखवतंय. आणि फ्रेम जनरेशन चालू आहे, त्याने काही?

---

टाचणी

दुसरी कांडी त्याच मॉडेलची घ्या, आणि आज एक्सएमपी चालू करा, त्याला पैसे लागत नाहीत.

फ्रेम जनरेशन खऱ्या दोन फ्रेममध्ये एक बनवलेली फ्रेम घालतं, त्याने भरपूर काही. काउंटरवरच्या ११० मधल्या खऱ्या ५५ च आहेत, माउसचा प्रतिसाद त्या ५५ चा, वर थोडा उशीर. खऱ्या दोन फ्रेम असमान आल्या तर मधली बनवलेली फ्रेमही चुकीच्या जागी बसते आणि ठेच मोठी दिसते. आधी ते बंद करून फ्रेमटाइम सरळ करा. खरे एफपीएस ६० च्या वर टिकले की मग चालू करा, आणि कॅप १३८ ठेवलीत तर खऱ्या ६९ मिळतील एवढं लक्षात असू द्या. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर तर वापरूच नका, तिथे ते खऱ्या फ्रेम ३० वर नेऊन बसवतं.